चरावरून न मारलेली उडी

आमच्या गावात पाखरांबद्दल मत प्रत्येकाला आहे, धड गुडघे मात्र कोणालाच नाहीत. पाखरू राखण मंडळाच्या यादीत सतरा नावं आहेत. त्यातले बहुतेक मार्चच्या सभेला येतात, साखरपाव खातात, कोल्ह्याला चार शिव्या देतात आणि घरी जातात. ओल्या कुरणात उतरून घरटी शोधणारे जेमतेम तिघं, आणि त्या तिघांतही खरं काम करणारा माणूस एकच होता, गोसेकाका. मी मंडळाची चिटणीस, हिस्के. गोसेकाकांबद्दल आमच्या या आल्डेविर गावात आता जे बोललं जातं ते मला ऐकवत नाही. माझ्याबद्दल कोणी काहीच बोलत नाही, ते तर त्याहून ऐकवत नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

गोसेकाका शहात्तर वर्षांचे. बांधाखालच्या शेवटच्या घरात जन्मले आणि अजून तिथेच आहेत. अडतीस वर्षं दुधाच्या कारखान्यात टाक्या धुतल्या, पण गावात त्यांना कारखान्याचा माणूस असं कोणी कधी म्हटलं नाही. ते अंडी शोधणारे. आमच्या फ्रिसलंड प्रांतात मार्च उजाडला की टिटवीचं पहिलं अंडं कोणाला सापडतं याची जी चुरस लागते, ती निवडणुकीलाही लागत नाही, आणि गावातलं पहिलं अंडं तेवीस वेळा गोसेकाकांना सापडलं. त्या काळी अंडी उचलायची परवानगी होती. मिंकेकाकू ती कडक उकडायच्या, दोघं मीठ लावून अर्धं अर्धं खायचे, बाकीची शेजारी जायची. एप्रिल लागला की उचलणं बंद. मग तीच माणसं, त्याच डोळ्यांनी, उरलेल्या घरट्यांची राखण करायची. बाहेरचे लोक हसायचे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, म्हणायचे. हसू देत. जामदारखाना कुठे आहे हे दुसऱ्या कोणाला माहीत होतं? आता तर उचलणंच बंद झालं आहे. अंडं शोधायचं, मोजायचं, कळवायचं, आणि जिथल्या तिथे ठेवून निघायचं.

निघायचं कसं, यातच सगळी विद्या.

मला ती गोसेकाकांनी शिकवली. माझे वडील मुलींना कुरणात नेत नसत. मुली किंचाळतात आणि पाखरं उठतात, असं त्यांचं शास्त्र. गोसेकाका त्यांना तोंडावर म्हणाले, "तुझ्यापेक्षा तरी कमीच किंचाळते ती. चल गं पोरी." त्या दिवशी बांधावर उभं राहून त्यांनी सांगितलं, "आकाशात गिरक्या घेणाऱ्या नराकडे गाढवंसुद्धा बघतात. तू जमिनीकडे बघ. मादी घरट्यावरून उठली की आधी गुपचूप चालते, मग उडते. उडते तिथे काही नसतं. चालायला लागते तिथे असतं." आणि खरंच, गवतातल्या खळग्यात चार ठिपकेदार अंडी, चारही टोकं आत वळवून ठेवलेली.

मी धावणारच होते. काकांनी माझा झगा मागून धरला. "सरळ जायचं नाही. तिथे थांबायचं नाही. आणि आल्या वाटेने परतायचं नाही. ओल्या गवतात माणसाची वाट दोन दिवस राहते, वासासकट. ती घरट्यापाशी जाऊन संपली तर कोल्ह्याच्या हातात लग्नपत्रिका दिल्यासारखं झालं. वाट पुढे गेली पाहिजे. दोन हात लांबून चालत जायचं, चालता चालता मोजायचं, चालता चालता खुणेची काडी रोवायची, आणि तसंच पुढे जाऊन चरावरून पलीकडे."

आमच्या कुरणांना कुंपणं नसतात, चारी बाजूंना पाण्याचे चर असतात. म्हणून अंडी शोधणाऱ्याच्या खांद्यावर उडीची काठी असते. काकांची अकरा फुटी, टणक लाकडाची, चिखलात रुतू नये म्हणून खाली चकती ठोकलेली. काठी चराच्या मधोमध रोवायची, छातीशी धरायची आणि अंग पलीकडे झोकून द्यायचं. मागून येणारा कोल्हा वाटेचं टोक शोधत घरट्याशेजारून पळत निघून जातो आणि पाण्याशी येऊन बावळटासारखा उभा राहतो. काका सत्तरीतही अशी उडी मारायचे की पलीकडे बूट ओला होत नसे.

तीच विद्या त्यांनी वोप्केलाही दिली. वोप्के आता अठ्ठेचाळीसचा आहे, गोठ्यात नव्वद गाई आहेत, आणि गोसेकाकांच्या खिडकीसमोर पसरलेलं खालचं कुरण त्याचं आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने पाखरांच्या कुरणाची योजना आणली. पंधरा जूनपर्यंत गवत कापायचं नाही, गुरं सोडायची नाहीत, शेणाचं पाणी फवारायचं नाही. आम्ही राखणवाल्यांनी घरटी शोधायची, काड्या लावायच्या, पिल्लं मोजायची. गावातल्या एकाही शेतकऱ्याने सही केली नाही. जूनचं गवत म्हणजे नुसत्या काटक्या, दुभती गाय त्याला तोंड लावत नाही. वोप्केच्या म्हाताऱ्या बापाने भर जेवणात विचारलं, "आता काय पाखरांचं दूध काढणार आहेस?" वोप्केने तरी सही केली, कारण त्याला गोसेकाकांनी सांगितलं होतं. दुसरं कारण नव्हतं. मी त्याला विचारलं होतं.

नऊ वर्षं दृष्ट लागावी अशी गेली. टिटव्या तर होत्याच, पण आफ्रिकेत हिवाळा काढून येणारे लांब चोचीचे स्क्रीस, जे बाकी गावातून केव्हाच गेले होते, ते खालच्या कुरणात दरवर्षी उतरायचे. एका वर्षी अकरा जोड्या होत्या. मे महिन्यात पिल्लं गवतातून पळायला लागली की मिंकेकाकू खिडकीत कॉफी घेऊन बसायच्या आणि आतूनच ओरडायच्या, "गोसे, तुझी नातवंडं बघ!" त्यांना मूलबाळ नव्हतं.

योजनेच्या कागदावर एक अट होती. सलग तीन वर्षं कुरणातून एकही पिल्लू उडालं नाही, तर कुरण बाद. सही करताना त्या अटीला आम्ही हसलो होतो.

मिंकेकाकू गेल्या त्या नवव्या वर्षाच्या नोव्हेंबरात. पुढच्याच वसंतात खालचं कुरण उठलं. उठलं म्हणजे, काड्या जागच्या जागी आणि मधली घरटी रिकामी. नऊ घरटी, एकामागून एक, तीन आठवड्यांत. कुठे कवचाचा तुकडा, कुठे तोही नाही. काका रोज सकाळी जायचे आणि रोज एक घरटं कमी व्हायचं. माझ्याकडे येऊन यादीतला आकडा खोडायला सांगायचे. पेन्सिलने खोडलेलं त्यांना चालायचं नाही, "शाईने खोड," म्हणायचे.

आता ते सांगते, जे मी तीन वर्षं कोणाला सांगितलं नाही.

त्याच एप्रिलमधली गोष्ट, सकाळी नऊचा सुमार. मी सायकलवरून बांधाच्या रस्त्याने चालले होते. खाली कुरणात गोसेकाका दिसले. घरट्यापर्यंत गेले, मोजलं, काडी रोवली, पुढे चरापाशी आले. काठी पाण्यात रोवली. आणि थांबले. दोन्ही हात काठीवर ठेवून नुसते उभे. मी सायकलवरून उतरले. खूप वेळ गेला. मग त्यांनी काठी उपसली, खांद्यावर टाकली, उजव्या गुडघ्यावर एकदा हात फिरवला आणि वळून परत निघाले. आल्या वाटेने. घरट्याशेजारून. गवतात त्यांच्या मागे एक ओळ पडली होती, ती त्यांनी स्वतःच्या बुटांनी आणखी पक्की केली.

मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. मला त्याच क्षणी कळलं. माझ्या पाठीला तो झग्याला बसलेला हिसका आठवला. तोंड उघडून हाक मारायची एवढंच होतं. "काका, मी जाते उद्यापासून, तुम्ही बांधावरून सांगा," एवढं एकच वाक्य. मी ते म्हटलं नाही. बायको जाऊन पाच महिने झालेला माणूस, त्याच्याकडे दुसरं काय उरलं होतं? आणि मला ज्याने चालायला शिकवलं, त्याला मी चालायला शिकवू? भीड ही भिकेची बहीण म्हणतात. मी सायकलवर बसले आणि निघून गेले. पुढच्या दोन वर्षांत मी त्या रस्त्याने सकाळी जाणं टाळलं, म्हणजे पुन्हा दिसायला नको.

काकांना मात्र दोषी हवा होता, आणि तो समोरच राहत होता.

"वोप्केचं मांजर आहे," ते बेकरीत सगळ्यांसमोर म्हणाले. "रात्री मोकळं सोडतो. सही करून कंटाळलाय तो, कुरण बाद व्हावं म्हणून वाट बघतोय. बापाचं रक्त, जाणार कुठे?"

गावाला तेवढंच हवं असतं. ज्यांनी स्वतःच्या जमिनीवर एक वीत गवत पाखरांसाठी ठेवलं नाही, ते वोप्केला पाखरं मारणारा म्हणायला लागले. त्याच्या मुलीला शाळेत नाव पडलं. कोणीतरी त्याच्या टपालपेटीत मेलेलं पिल्लू टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीची दोरी वळणाऱ्यांत मीही होते, कारण मी मूग गिळून बसले होते. वोप्केने उत्तर दिलं नाही. दुसऱ्या वर्षीही पंधरा जूनपर्यंत थांबला आणि सोळा तारखेला त्या काटक्या कापून गाईंखाली अंथरल्या. दुसऱ्या वर्षीही एकही पिल्लू उडालं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, संस्थेची मारिट आली. बाई तरुण आहे, पण चिखलाला घाबरत नाही. म्हणाली, "हे शेवटचं वर्ष आहे. कोण खातंय ते कळलं तर काहीतरी करता येईल. कोल्हा असेल तर शिकाऱ्याला सांगता येईल, मांजराचं निराळं. चार घरट्यांपाशी कॅमेरे लावू या का?"

काकांचा चेहरा तीन वर्षांत प्रथमच उजळला. "लाव! मीच लावतो. जागा मी दाखवतो. आणि एक सांगतो, जे निघेल ते सगळ्या गावासमोर दाखवायचं. सभागृहात, पडद्यावर. कोणाची भीडभाड नको."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चारही कॅमेरे त्यांनी स्वतःच्या हातांनी खुंट्यांना बांधले, वर गवत पसरलं, आणि रोज सकाळी जाऊन तपासले. मी त्या दिवसांत काय करत होते? मी यादी लिहीत होते. स्क्रीसची सात घरटी, टिटवीची चार. मेच्या अखेरीस अकराच्या अकरा शाईने खोडली.

जूनमधल्या एका शनिवारी सकाळी दहाला सभागृह भरलं. मार्चच्या सभेला चौदा-पंधरा माणसं येतात, त्या दिवशी चाळीस होती. पाखरांसाठी कोणी येत नाही, पण कोणाची तरी फजिती होणार म्हटलं की गाव हातातली कामं टाकून येतं. प्रत्येकाला एक कप कॉफी आणि साखरपावाचा एक तुकडा. वोप्के शेवटच्या रांगेत दाराशी बसला होता, अंगातला कोट न काढता. गोसेकाका पहिल्या रांगेत. मिंकेकाकूंच्या अंत्यविधीला शिवलेला काळा कोट घालून आले होते.

मारिटचा चेहरा पांढरा पडला होता. दारातच तिने काकांचा हात धरला. "गोसेकाका, माझं ऐका. आधी आपण दोघंच बघू या का? मागच्या खोलीत?"

"लपवायचं काय आहे त्यात?" काका मोठ्याने म्हणाले. "ज्याला लपवायचंय तो मागे बसलाय."

चार लोक हसले. मारिटने माझ्याकडे बघितलं. मी कॉफीच्या कपाकडे बघितलं.

पडद्यावर आधी नुसतं गवत. मग बूट, मग गोसेकाका. वाकले, मोजलं, चार बोटं वर करून स्वतःशीच हसले. कोणीतरी ओरडलं, "अरे, गोसे तर नट झाला!" आणि सभागृह खदखदलं. पडद्यावरचे काका चौकटीतून पुढे गेले. थोड्या वेळाने परत आले, उलट्या दिशेने, लंगडत, काठीवर भार देऊन, त्याच ओळीतून. गवतात ओळ स्पष्ट दिसत होती. मग चित्र करडं झालं, दुसऱ्या दिवशीची पहाट. कोल्हीण आली. पोटाखाली दूध भरलेलं. तिने डावीकडे बघितलं नाही, उजवीकडे बघितलं नाही. नाक त्या ओळीवर ठेवून ती दोरीला बांधून ओढल्यासारखी चालत आली, आणि जिथे बुटांनी सगळ्यात जास्त गवत तुडवलं होतं तिथे थांबली.

कोणी हसलं नाही.

वोप्के शेवटच्या रांगेतून उठला, चालत पुढे आला आणि त्याने प्रोजेक्टरच्या उजेडावर पंजा ठेवला. पडदा काळा झाला. "झालं," तो म्हणाला. "कोल्हा आहे. कळलं सगळ्यांना. कॉफी प्या आणि घरी जा."

"हात काढ, वोप्के," गोसेकाका म्हणाले.

"काका, पुरे."

"चार कॅमेरे लावलेत मी. चारही बघायचेत. हात काढ."

त्याने हात काढला. काकांनी चारही बघितले. प्रत्येकात ते जात होते, हसत होते, लंगडत परत येत होते. प्रत्येकात त्यांच्या मागून ती येत होती. शेवटचं संपल्यावर ते उठले, टोपी हातात घेतली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "वोप्के, तुझं मांजर नव्हतं."

"माझ्याकडे मांजरच नाही, काका. कधीच नव्हतं. बायकोला शिंका येतात."

"मग तीन वर्षं बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारत कुठे होता? तुम्ही सांगत होता."

काका मान हलवून बाहेर पडले. काठी दाराशी टेकवलेली होती, ती तिथेच राहिली. लगेच सभागृहात जी कुजबूज सुरू झाली ती मला अजून ऐकू येते. कुंपणानेच शेत खाल्लं, असं एक जण म्हणाला आणि स्वतःच्या हजरजबाबीपणावर खूश होऊन साखरपावाचा दुसरा तुकडा उचलला. त्याने आयुष्यात एक घरटं शोधलेलं नाही. मी त्याच्या तोंडावर कॉफी फेकायला हवी होती. मी यादी पिशवीत घातली.

जुलैत कागद आला. खालचं कुरण योजनेतून बाद. मारिटने वर भांडून बघितलं, कारण कळलं आहे, उपाय करता येईल, एक वर्ष द्या. वरून उत्तर आलं की अटीत कारण लिहिलेलं नाही, फक्त तीन वर्षं लिहिली आहेत. आल्डेविरमध्ये आता एकही कुरण योजनेत नाही. मंडळ अजून आहे. सतरा नावं आहेत. मी चिटणीस आहे.

या वसंतात गोसेकाका घराबाहेर पडले नाहीत. पहिल्या अंड्याची बातमी आली तेव्हा, "छान," म्हणाले आणि राईचा पाव कापत राहिले. मी रोज सकाळी त्यांच्याकडे कॉफी करायला जायला लागले. गाव म्हणतं, हिस्केचं मन मोठं. खिडकीसमोर त्यांची खुर्ची, समोर खालचं कुरण. एप्रिलच्या मध्यावर स्क्रीसची एकच जोडी उतरली. बाकीचे घिरट्या घालून गेले. काका चार दिवस बघत राहिले आणि पाचव्या दिवशी म्हणाले, "बसली."

"कुठे?"

"ते मी सांगणार नाही."

मेच्या पहिल्या आठवड्यात वोप्केचा ट्रॅक्टर दाराशी थांबला, मागे गवत कापायचं यंत्र. आता तो कापायला मोकळा होता आणि पावसाआधीचे दोनच कोरडे दिवस होते. तो उंबऱ्यावर उभा राहिला, चिखलाचे बूट आत न आणता. "काका, आहे का काही आत?"

काका खुर्चीतून कुरणाकडे बघत राहिले.

"सांगा, काका," मी म्हणाले.

"सांगितलं की कोणीतरी चालत जाणार."

"नाही सांगितलं तर यंत्र जाणार."

वोप्के म्हणाला, "मी उतरणारच नाही. सीटवरून बघतो, तिथे पाती उचलतो, पुढे नेतो. जमिनीला माझा पाय लागणार नाही. तुम्हीच शिकवलंय, वाट पुढे गेली पाहिजे."

खिडकीची काच बोटाने पुसून काकांनी दाखवलं. "दुसऱ्या चरापासून चाळीस पावलं. पिवळं फूल दिसतंय, त्याच्या अलीकडे. जास्त जागा सोड. वोप्के, जास्त सोड."

वोप्केने शब्द पाळला. एवढं तिरकं बोलणाऱ्या या गावात शब्द पाळणारा तो एकटाच आहे. दुपारपर्यंत अख्खं कुरण दाढी केल्यासारखं झालं आणि मधोमध खोलीएवढा एक उंच हिरवा तुकडा उरला. त्यात मादी बसून होती. काका संध्याकाळपर्यंत खुर्चीतून उठले नाहीत. मला वाटलं, या माणसाला देवाने एवढं तरी दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी घेऊन आत आले तर ते तसेच बसले होते, हात मांडीवर. समोर कापलेल्या कुरणात कावळे किडे टिपत फिरत होते. सपाट जमिनीवर उंच उरलेली जागा एकच. एक कावळा चालत चालत तिच्यापाशी आला, मान तिरकी केली आणि आत शिरला. स्क्रीसची जोडी वर ओरडत घिरट्या घालायला लागली. दुसरा कावळा आला. मी काचेवर हात आपटला. तीनशे पावलांवर काय ऐकू जाणार? मी दाराकडे धावले.

"बस," काका म्हणाले. "झालं ते."

कावळा बाहेर आला तेव्हा त्याच्या चोचीत अंडं होतं. आम्ही दोघांनी चारही वेळा बघितलं.

मग कॉफी हातात न घेता, माझ्याकडे न बघता काकांनी विचारलं, "मिंके गेली त्याच्या पुढच्या एप्रिलात बांधावर सायकल धरून उभी होतीस, ती तूच ना?"

मी बशी खाली ठेवली. "हो."

"मला वाटलंच. लाल जाकीट होतं." त्यांनी उजव्या गुडघ्यावरून हात फिरवला. "गुडघा त्या दिवशी पहिल्यांदाच नाही म्हणाला. चराशी उभं राहून विचार करत होतो, आता काय करायचं. वळलो, आणि वर तू दिसलीस. मनात म्हटलं, हिला सगळं मी शिकवलंय, ही विसरणारी नाही. चुकत असेन तर ओरडेल. तू काही बोलली नाहीस. सायकलवर बसलीस आणि गेलीस. मला वाटलं, मग तसं परतलेलं चालत असेल."

माझ्याकडे उत्तर होतं, तीन वर्षं घोकलेलं. काकू नुकत्या गेल्या होत्या, तुमचं मन मोडवेना, मी कोण सांगणारी. मी पुन्हा कॉफीच्या कपाकडे बघितलं.

"रागावलो नाही गं," ते म्हणाले. ते खरं होतं, आणि तेच मला सहन होत नाही. "ही खुर्ची तेवढी फिरव. मला उठवत नाही."

मी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. आता रोज सकाळी जाते तेव्हा ते तसेच बसलेले असतात. मी कॉफी देते आणि त्यांच्या पाठीमागे बसून, खिडकीतून, ते रिकामं कुरण मीच बघते.